घराचा उतारा आणि गटाची वही

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. लग्न निदान एका मांडवात उरकते. घर मात्र बांधणाऱ्याची दोन-दोन, तीन-तीन वर्षे परीक्षा पाहते. ज्याच्याकडे विहिरीचे पाणी आहे, केळीचे चार पैसे हाती येतात, त्यालाही घर बांधताना घाम फुटतो. मग ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, ज्याची वस्ती गावाच्या कडेला किंवा शहराच्या नाल्याकाठी आहे, त्याने घराचे नाव कशाच्या जोरावर काढावे? आणि घर झालेच, तर ते चालवायला लागणारा छोटा धंदा कशाच्या आधारावर उभा करावा?

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला खानदेशाने दोन उत्तरे पाहिली आहेत. एक उत्तर कोट्यवधी रुपयांचे होते आणि ते अर्ध्यात मोडले. दुसरे महिन्याला शंभर-पन्नास रुपयांचे आहे आणि ते आजही चालू आहे. या दोन्हींत फरक कशाचा पडला, हे समजून घेतले तर आपल्या गावातल्या, आपल्या गल्लीतल्या माणसांचे पुष्कळ नुकसान टळेल, असे आम्हांस वाटते.

ऊन, वारा आणि काळी माती

पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्हे वेगळे झाले तरी तापीकाठचे ऊन सर्वांना सारखेच. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

या उन्हाला आपल्या वाडवडिलांनी धाब्याच्या घराचे उत्तर शोधले. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे. आत गारवा राहतो खरा, पण पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकून ते चोपावे लागते. एक वर्ष हयगय झाली की श्रावणात पातेली मांडून बसायचे. ज्याला धाबे जमत नाही तो पत्रे टाकतो. पत्रे दिवसा तापतात आणि मे-जूनच्या वावटळीत उडतात. सातपुड्याच्या पाड्यांवर कुडाच्या भिंती असतात. काठ्या, पऱ्हाट्या उभ्या बांधून त्यांवर शेणामातीचा गिलावा देतात. दरसाल हे सारे नव्याने करायचे. म्हणजे गरिबाचे घर स्वस्त असते हे खरे नव्हे. तो दर वर्षी थोडे थोडे घर विकत घेत असतो आणि ते कधीच पुरे होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडचा छोटा धंदा बहुधा घरातच चालतो. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेवया या गोष्टी करायला कोरडा ओटा लागतो, वाळवायला उन्हाची पण राखणीची जागा लागते. शिवणाचे यंत्र गळक्या छपराखाली ठेवता येत नाही. किराणा मांडायचा तर साखर-गूळ ओला होता कामा नये. शेळ्या पाळायच्या तर गोठ्याला आडोसा हवा. तेव्हा कष्टकऱ्याच्या बाबतीत घर वेगळे आणि धंदा वेगळा असे करून चालत नाही. छप्पर नीट झाले की धंदा उभा राहतो आणि धंदा चालला की छप्पर टिकते.

जळगावचा धडा

आता पहिले उत्तर. गेल्या शतकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुलांची मोठी योजना हाती घेतली. अकरा हजारांहून अधिक घरे बांधायची, असे ठरले. त्यासाठी ‘हुडको’ या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण महामंडळाकडून कर्ज काढले. योजना वाईट नव्हती. गरिबाला पक्के घर मिळावे, यात चूक ती काय?

पण प्रत्यक्षात सुमारे दीड हजार घरेच पुरी झाली. पुढे जागेविषयी, ठेकेदाराला दिलेल्या आगाऊ रकमेविषयी प्रश्न उभे राहिले. २००६ साली महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी पोलिसांत फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने माजी मंत्री, नगरसेवक, ठेकेदार यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरविले. त्या निकालावर अपिले झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोषाचा अंतिम निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. आपण पाहायचे ते एवढेच, की हजारो घरांची आशा लोकांना दाखविली गेली, ती घरे उभी राहिली नाहीत आणि कर्जाचा बोजा मात्र शहराने पुढे कित्येक वर्षे वाहिला. ते कर्ज फेडताना रस्ते, गटारी, दिवे यांना पैसा अपुरा पडला आणि त्याचा त्रास पुन्हा त्याच वस्त्यांना झाला.

याचे मूळ कशात होते? कोणी काही म्हणो, आमच्या मते एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्यांच्यासाठी घरे बांधायची होती, त्यांच्यासमोर हिशेबाची वही कधी उघडली गेली नाही. जागा कोणाची आहे, कागद पुरे आहेत का, किती पैसे उचलले, त्यात किती भिंती उभ्या राहिल्या, हे झोपडीतल्या बाईला विचारता आले नाही आणि तिला कोणी सांगितलेही नाही. ती फक्त यादीत आपले नाव आहे की नाही एवढेच पाहत राहिली.

दहा बायका, एक वही

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. तिथे वही आधी उघडते आणि पैसा मागून येतो.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याला आपण ‘माविम’ म्हणतो. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभरात पाचशे गटांचे लक्ष्य धरून सुरू केला. २००३ साली राज्याने बचत गटांच्या कामासाठी माविमला मुख्य संस्था नेमले. २०११ पासून ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियान आले. जळगाव-धुळ्याच्या गावागावांत आज जे गट दिसतात, ते या मार्गाने उभे राहिले.

गटाचे काम साधे असते. दहा ते वीस बायका. ठरलेल्या दिवशी बैठक. प्रत्येकीची सारखी बचत. त्या बचतीतून गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज. कर्जाची वेळेवर फेड. आणि या सगळ्याची नीट नोंद. याला गटाची पंचसूत्री म्हणतात. चार सूत्रे पाळली आणि पाचवे म्हणजे वहीचे सूत्र सोडले, तर गट एखाद्या वर्षात मोडतो, असा सगळीकडचा अनुभव आहे.

हिशेब करून पाहू. समजा, दहा बायकांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले. वर्षाला बारा हजार रुपये झाले. त्यातून एकीने पत्र्यांसाठी दहा हजार उचलले. गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना. ती दर महिन्याला एक हजार मुद्दल फेडते आणि उरलेल्या रकमेवरच व्याज देते. पहिल्या महिन्याचे व्याज दोनशे, दुसऱ्याचे एकशे ऐंशी, असे उतरत दहा महिन्यांत एकूण व्याज अकराशे रुपये होते. हेच दहा हजार सावकाराकडून शेकडा पाच रुपये दराने घेतले आणि मुद्दल जागच्या जागी ठेवून नुसते व्याज दिले, तर दहा महिन्यांत पाच हजार रुपये जातात आणि वर दहा हजार देणे उभेच! शिवाय गटाला दिलेले अकराशे कुठे जातात? त्याच पेटीत. वर्षाखेरी त्यात तिचाही वाटा असतोच.

पण खरा लाभ पैशापेक्षा मोठा आहे. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसते. शिकलेली एखादी सून वही वाचते. “मावशी, तुमचा मागचा हप्ता राहिला बरं का,” असे ती सर्वांदेखत पण मायेने सांगते. मावशीही म्हणते, “बाजार झाला का देते, लिहून ठेव.” लाजेचा आणि विश्वासाचा असा दुहेरी धाक असल्यावर पैसा बुडत नाही. जिला सही येत नव्हती ती आकडे वाचू लागते. आणि जिला गटाचे आकडे वाचता येतात, तिला ग्रामसभेत उठून घरकुलाची यादी वाचा, असे म्हणायला भीती वाटत नाही.

घरकुल : आधी छप्पर, मग हौस

सरकारी घरकुलाची वाट जुनी आहे. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. त्या वेळी सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगरी भागातल्या घराला १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरले. शौचालयासाठी १२ हजार आणि रोजगार हमीतून सपाटीवर नव्वद दिवसांची मजुरी वेगळी. घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे हवे. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास आणि अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास या राज्याच्या योजना आहेत. रकमा व नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी पंचायत समितीत आजचा नियम विचारून घ्यावा.

अनुदान हप्त्याने येते. जोते झाले की एक हप्ता, भिंती वर आल्या की दुसरा, असे काम पाहून आणि छायाचित्र घेऊन पैसे थेट खात्यात जमा होतात. पुष्कळ घरे अडतात ती इथेच. ‘एकदाच बांधायचे तर मोठेच बांधू’ म्हणून पाया दुप्पट आखला जातो. सारा पैसा जोत्यातच जिरतो. मग भिंतीसाठी सावकार, छपरासाठी आणखी एक सावकार. वर्षानुवर्षे नुसते जोते घेऊन बसलेली कुटुंबे आपण पाहतो. आमचे सांगणे एवढेच, की आधी लहान घर छपरासकट पुरे करा. वाढीव खोलीसाठी बाजूला जागा राखा. ती खोली पुढे धंद्याच्या पैशातून वाढवता येईल.

दुसरी गोष्ट पायाची. आपली काळी माती कपाशीला माउली आहे, पण घराला वैरीण आहे. पाणी लागले की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतही भेगाळते. म्हणून पाया काळ्या मातीत ठेवू नये. खाली मुरूम लागेपर्यंत खणावे. काळी माती काढून टाकावी आणि जोत्याच्या पोटात मुरूम भरून धुम्मस करावा. जोत्यावरून सगळ्या भिंतींखाली लोखंडी सळ्यांची सिमेंटची पट्टी फिरवून घ्यावी. घराभोवती पाणी साचू देऊ नये. चार पैसे रंगात वाचवावेत, पायात वाचवू नयेत.

तिसरी गोष्ट एकीची. एका वस्तीत आठ-दहा घरकुले मंजूर झाली असतील, तर विटा, वाळू, सिमेंट, सळई एकत्र घ्यावी. भाव उतरतो आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो. राज्यात २० नोव्हेंबर २०२० पासून महा आवास अभियान सुरू झाले. त्यात बचत गटांमार्फत ‘घरकुल मार्ट’ चालविण्याची कल्पना पुढे आली. घर बांधायचे सामान एका ठिकाणी मिळावे आणि ते दुकान बायकांनीच चालवावे, अशी ती योजना. यात एकीचे घर उभे राहते आणि दुसरीचा धंदा चालतो. शिवाय विटेचा भाव काय, किती पोती सिमेंट लागले, हे गटातल्या बायकांना तोंडपाठ झाले की त्यांना कोणी फसवू शकत नाही.

घर हेच दुकान

छोट्या धंद्यात खानदेशाकडे स्वतःचे असे पुष्कळ आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. केळीचे वेफर, बिबडे, पापड, मिरचीचे तिखट, डाळी, शेवया यांना शहरात मागणी आहे. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आली. तिच्यात जळगाव जिल्ह्यासाठी केळी हे पीक निवडले गेले आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याचे ठरले. रस्त्यावर भाजी-फळे विकणाऱ्यांसाठी त्याच वर्षी ‘स्वनिधी’ योजना आली. पहिले कर्ज दहा हजारांचे होते. ते फेडले की वीस, मग पन्नास. २०२५ साली पहिले कर्ज पंधरा आणि दुसरे पंचवीस हजारांपर्यंत वाढविले गेले. हिच्यातली खुबी चढत्या पायरीत आहे. आधी लहान कर्ज फेडून दाखवा, मग मोठे मिळते. बचत गटाची रीतही तीच.

पण कर्ज मिळाले म्हणजे धंदा झाला असे नव्हे. मालाचे गणित आधी मांडावे. उडीद, तेल, मसाला, जळण, पिशव्या, बसभाडे आणि स्वतःची मजुरीसुद्धा! पुष्कळ बायका स्वतःची मजुरी धरतच नाहीत. मग पापड विकून नफा झाला असे वाटते आणि प्रत्यक्षात तीच दुसऱ्याकडे निंदायला गेली असती तर जास्त मिळाले असते. म्हणून घरच्या धंद्याची वहीसुद्धा गटाच्या वहीसारखीच रोज लिहावी. घरखर्चाचा डबा वेगळा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवावा. पाहुणे आले म्हणून धंद्याच्या डब्याला हात लावू नये. तसेच पापडाचा हंगाम उन्हाळ्याचा. पावसाळ्यात काय करायचे ते आधीच ठरवावे, नाहीतर चार महिने हप्ते थकतात.

नाव कोणाचे?

आता एक नाजूक प्रश्न. घर झाले, धंदाही लागला. पण उताऱ्यावर नाव कोणाचे?

या बाबतीत शेजारच्या बांगलादेशाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथल्या ग्रामीण बँकेचे काम १९७६ साली एका खेड्यात लहान कर्जांपासून सुरू झाले आणि १९८३ साली ती रीतसर बँक झाली. १९८४ पासून तिने घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. अट एकच. घराखालची जागा कर्जदार बाईच्या नावे झाली पाहिजे. नवऱ्याच्या नावे जागा असेल तर त्याने ती आधी बायकोच्या नावे करून द्यायची. का? तर घर तुटले, नवऱ्याने टाकले, तर कर्ज फेडणारी बाईच रस्त्यावर यायची. या घरांना १९८९ साली वास्तुशास्त्राचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि बँकेला व तिच्या संस्थापकांना २००६ साली शांततेचे नोबेल.

आपणही यात मागे नव्हतो. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचा मोठा मेळावा भरला होता. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. पुरुषाने आपण होऊन थोडी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करावी, असे त्यात सांगितले गेले आणि गावोगावी शेतकऱ्यांनी ते केले. २००३ साली ग्रामविकास खात्याने ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याच्या सूचना दिल्या. प्रधानमंत्री आवासच्या नियमांतही घर दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे द्यावे असेच आहे. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात बाईच्या नावे घर विकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. राहते घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करायचे तर २०१५ च्या दुरुस्तीने मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठरले. नोंदणीचा व स्थानिक कराचा खर्च तेवढा वेगळा.

इथे एक समजूत काढून टाकायला हवी. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. कोणाकडून कर घ्यायचा ते त्यावरून कळते. तो मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांना पूर्वी बहुतेक ठिकाणी मोजणीचा नकाशाच नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली आणि ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. आपल्या गावची मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर आहेत का ते पाहावे. चूक असेल तर तेव्हाच हरकत घ्यावी. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहते घर असेल, तर ते नियमानुकूल करण्याची वाट २०१८ साली शासनाने मोकळी केली. त्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेचे बिल जपून ठेवावे. ट्रंकेतला कागद संकटात सख्ख्या भावासारखा उभा राहतो.

घरातल्या थोरांना आमचे हात जोडून सांगणे आहे. आबा, अण्णा, सुनेचे नाव लागले म्हणून घर परके होत नाही. उलट घरकर्ता अचानक गेला तर लेकरांच्या डोक्यावरचे छप्पर कोणी काढून घेऊ शकत नाही. कापसाच्या पट्ट्यात आपण अशी घरे पाहिली आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटते.

इथे जपा

बचत गटाच्या नावाखाली आता दारोदार कर्जे वाटणाऱ्या कंपन्याही येतात. सगळ्याच वाईट नाहीत, पण त्यांचा ‘गट’ म्हणजे आपला बचत गट नव्हे. तिथे बचत नसते, फक्त वसुली असते. एका घरात तीन-तीन ठिकाणची कर्जे झाली की एकाचा हप्ता दुसऱ्यातून भरला जातो आणि पाहता पाहता दागिना, शेळी, शेवटी घर जाते. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने असा नियम केला की लहान कर्जांच्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. नियम त्यांच्यासाठी आहे, पण तो आपणच आपल्याला लावून घ्यावा. व्याज उरलेल्या रकमेवर आहे की शेवटपर्यंत मूळ रकमेवर, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावा. नवऱ्याच्या हौसेसाठी बायकोने गटातून कर्ज उचलू नये. पैसा वापरणार तो आणि हप्त्याला तोंड देणार ती, हे बरे नव्हे.

ठेवीच्या बाबतीतही तसेच. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे एके काळी मोठे होते. त्यातल्या पुष्कळ बुडाल्या आणि मुलीच्या लग्नासाठी, घरासाठी ठेवलेल्या ठेवी अडकून पडल्या. जास्त व्याज दाखविणाऱ्या दाराशी थोडे थांबावे आणि हिशेब मागावा. जो हिशेब दाखवीत नाही त्याच्याकडे पैसा ठेवू नये. मग तो कितीही गोड बोलो.

शेवटी एवढेच

मोठी योजना वाईट आणि छोटा गट चांगला, असे आम्हांस म्हणायचे नाही. नुसत्या शंभर रुपयांच्या बचतीतून पक्के घर होत नाही. त्याला सरकारचे अनुदान हवे, बँकेचे कर्ज हवे. पण वरून आलेला पैसा ज्या वस्तीत वही उघडी असते तिथेच घर होऊन उभा राहतो. नाहीतर तो वाटेतच जिरतो. जळगावच्या अपुऱ्या घरकुलांनी हे आपल्याला शिकविले आहे आणि ओट्यावरच्या बायकांनी त्याचा उपायही दाखविला आहे.

तेव्हा या आठवड्यात दोन कामे करा. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा उतारा काढा. त्यावर घरच्या बाईचे नाव नसेल तर ते लावण्याचा अर्ज द्या. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वही पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सांगा. कोणाला राग आला तरी चालेल. आज वही वाचून आलेला राग परवडतो. उद्या वही न वाचल्याने घर गेले, तर ते परत मिळत नाही.